नकली तलवार

क्वोकने ते लांबडं गाठोडं पेशंटच्या खुर्चीवर आडवं ठेवलं आणि तो बाजूला झाला. डॉक्टरांनी त्याला हात लावला नाही. ते बेसिनपाशी गेले, साबणाने हात धुतले, पुसले आणि पुन्हा धुवायला घेतले. अवघडातली अवघड दाढ काढतानाही मी त्यांना असं करताना बघितलं नव्हतं.

"काय आहे ओ त्यात?" मी विचारलं.

"तलवार," डॉक्टर म्हणाले. "माझी असंल, नाहीतर नसंल."

"म्हणजे काय?"

"तेच तर बघायचंय आज. तुम्ही थांबा, कुमुदबाई. मला एकट्याला नाही जमायचं."

रविवार होता, दवाखाना बंद होता, आणि मी खरं म्हणजे आदल्या दिवशी ओतलेले साचे वाळले का ते बघायला आले होते. मिरजेत सतारवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, पहिल्या मजल्यावर फंग डॉक्टरांचा दातांचा दवाखाना होता. मागच्या खोलीत बसून मी कवळ्या करायची. मधे नुसती प्लायवूडची भिंत, त्यामुळे खुर्चीतल्या पेशंटचं कण्हणं मला आत ऐकू यायचं आणि माझं गुणगुणणं बाहेर. अर्ध्या मिरजेच्या तोंडात माझं काम होतं आणि उरलेल्या अर्ध्या मिरजेच्या तोंडात माझं नाव, कारण तिशी उलटली तरी मी लग्न केलं नव्हतं आणि एका बिनलग्नाच्या चिनी डॉक्टरकडे कामाला होते.

डॉक्टर माझ्याहून बरेच मोठे. जन्म कलकत्त्याचा, पण काकांच्या हाताखाली दातांचं काम शिकायला तरुणपणी मिरजेला आले ते इथलेच झाले. पडद्याआडून बोलणं ऐकलं तर माणूस कवठेमहांकाळचा वाटावा. फक्त रोज सकाळी गच्चीवर ते वेगळे व्हायचे. हातात सरळ, दुधारी, सडपातळ चिनी तलवार घ्यायचे आणि इतक्या सावकाश फिरवायचे की खालून जाणारा दूधवाला मान वर करून थांबायचा. कानशीने घासून घासून माझं मनगट आखडलं, तेव्हा तेच म्हणाले, "गोळ्या कशाला खाताय? वर या सकाळी." खालच्या सतारवाल्याकडून त्यांनी मला सतारीला वापरतात त्या तुणाच्या लाकडाची तलवार करून दिली. मनगट महिन्याभरात सुटलं. गच्चीवर जाणं काही सुटलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या तलवारीला मात्र मी कधी हात लावला नव्हता. ती स्यूलानची होती.

तेवढं मला ठाऊक होतं. कलकत्त्याच्या चिनी वस्तीत एका म्हाताऱ्या गुरूकडे डॉक्टर आणि स्यूलान एकत्र शिकले, समोरासमोर उभं राहून जोडीने सराव करत मोठे झाले. तिचा बाप कुटुंब घेऊन हाँगकाँगला निघाला, तेव्हा निरोप घेताना दोघांनी तलवारी बदलल्या. तिची यांच्याकडे, यांची तिच्याकडे. मिरजेतलं शिकणं संपलं की हे तिकडे जायचे होते. मग बासष्टची लढाई झाली. डॉक्टर रातोरात परके ठरले. ठाण्यावर हजेरी द्यायची, परवानगी काढल्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पत्रं थांबली. पुढे सगळं सैल झालं, पण तोवर तिकडून उत्तर यायचं बंद झालं होतं. हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, तेही एका कवळीचा चावा तपासता तपासता, माझ्याकडे न बघता.

आणि आता वीसेक वर्षांनी हे गाठोडं आलं होतं.

क्वोक हा डॉक्टरांचा लहानपणचा गुरुबंधू. कलकत्त्यात त्याचं चपलांचं दुकान होतं. मुंबईला जाता जाता तो मुद्दाम मिरजेला उतरला होता. त्याने आपल्या हिंदीत हकिगत सांगितली; मराठी त्याला अंदाजाने कळायची. हाँगकाँगच्या एका दुकानदाराकडे कुणी बाई ही तलवार ठेवून गेली. दुकानदाराने ती एका खलाशाला दिली, खलाशाने ती वर्षभर आपल्या पेटीत ठेवून कलकत्त्याला आणून पोचवली. सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

"बस इतना बोला, मिरज में दाँत का डॉक्टर फंग," क्वोक म्हणाला.

"बाई कशी होती? वय काय?"

"खलाशी ने देखा नहीं, फंग."

"म्हणजे वाटेत बदललेलीही असू शकते," डॉक्टर घाईने म्हणाले. "त्या बंदरात दुकानादुकानांत लटकवलेल्या असतात असल्या. चांगली ठेवून घ्यायची, पत्र्याची पुढं पाठवायची. होय की नाही?"

क्वोकने खांदे उडवले. मी डॉक्टरांकडे बघितलं. मला वाटलं, बिचारे आशा करायला घाबरताहेत.

माझ्या मनात काय चाललं होतं तेही सांगून टाकते. तलवार खरी निघाली तर तिकडे स्यूलान जिवंत होती, तिला मिरज आठवत होती आणि ती बोलावत होती. डॉक्टर पहिल्या गाडीने गेले असते. मी त्यांच्यावर किती जीव टाकत होते हे तोवर मी स्वतःशीसुद्धा धड कबूल केलं नव्हतं. त्या सकाळी केलं. कवळ्यांच्या साच्यांसमोर उभी राहून मी अंबाबाईला साकडं घातलं, आई, ही तलवार पत्र्याची निघू दे, तुझी ओटी भरीन.

तलवार कशी पारखायची ते मला येत होतं. त्या दिवसांत गावोगाव कुंगफूच्या सिनेमांचं वेड होतं, आणि सांगली-कोल्हापूरची पोरं कुठून कुठून तलवारी पैदा करून डॉक्टरांना दाखवायला आणत. डॉक्टर ती हातात घेऊन कानाशी हलवायचे आणि परत देऊन म्हणायचे, "हिनं मेथी चिरा." मी गच्चीच्या कठड्याला टेकून हसत ऐकत राहायची. ऐकता ऐकता शिकले.

आम्ही गाठोडं घेऊन गच्चीवर गेलो. डॉक्टरांनी चादर सोडली. म्यान नवं होतं. मूठ नवी, गोंडा नवा, लालभडक. ओळख पटावी असं जुनं काही उरलंच नव्हतं, पातं सोडून.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "सगळं नवंकोरं."

"मूठ लकड़ी की थी, सड़ गई होगी," क्वोक म्हणाला. "ब्लेड देखो ना."

डॉक्टरांनी तलवार कानाशी नेऊन जोरात हलवली. बाजारी तलवारीची मूठ सैल असते, खुळखुळते. मी कान टवकारले. काही वाजलं नाही.

"मूठ नवीन आहे, तर घट्ट असणारच," ते म्हणाले.

मग त्यांनी पातं डोळ्यासमोर आडवं धरलं आणि सुईत दोरा ओवताना बघतात तसं धारेवरून टोकापर्यंत बघितलं. मला दिलं. मीही बघितलं. धार सरळ होती, कुठे झोल नाही. मुठीकडे पातं जाड, आणि टोकाकडे जाता जाता इतकं सावकाश पातळ होत गेलेलं की नेमकं कुठे पातळ झालं ते सांगता येऊ नये. साच्यातून काढलेल्या तलवारीत हे येत नाही. ती सगळीकडे सारखीच जाड असते.

"काय म्हणता?" डॉक्टरांनी विचारलं.

"सरळ आहे," मी म्हणाले. तलवार परत त्यांच्या हातात दिली.

त्यांनी पातं बोटावर तोललं. ते मुठीपासून थोड्याच अंतरावर स्थिर झालं, जिथे व्हायला हवं तिथेच. त्यांनी मुठीच्या बुडावर तळव्याने चापट मारली. पातं थरथरलं, मधला भाग निश्चल राहिला, थरथर टोकाशी जाऊन विरली. त्यांनी टोक लाकडी पाटावर टेकवून जोर दिला. पातं कमानीसारखं वाकलं, सोडल्यावर सरळ झालं. पुन्हा वाकवलं, जरा जास्तच जोराने. मला वाटलं आता मोडणार. पातं पुन्हा सरळ.

क्वोकला आनंद लपवता येईना. "वाह! क्या चीज़ है, फंग!"

डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरत चालला होता. मला हे कोडं उलगडेना. माझा चेहरा उतरला तर नवल नव्हतं. अंबाबाई माझं काही ऐकत नव्हती. पण ज्या बाईची या माणसाने उभ्या तरुणपणात वाट बघितली, तिची खूण हातात आली, आणि हा माणूस असा का दिसतो? जणू डॉक्टर दुसराच कुणी आहे, आणि हा पेशंट होऊन आपल्या आजाराचं नाव ऐकायची वाट बघतोय.

"ऊँचाई देखो," क्वोक म्हणाला.

प्रत्येकाची तलवार त्याच्या मापाची असते. डाव्या हातात मूठ उलटी धरायची, हात खाली सोडायचा, पातं दंडामागून वर येतं. टोक कानाच्या पाळीशी पोचलं पाहिजे. डॉक्टरांनी तशी धरली. टोक पाळीला लागून उभं राहिलं.

"माझ्या उंचीची माणसं काय कमी आहेत व्हय जगात?" ते म्हणाले.

मग त्यांनी पात्याचा मुठीजवळचा भाग उन्हात धरला. तिथे धार काढत नाहीत. तो भाग वार अडवण्यासाठी असतो. डॉक्टरांच्या गुरूची शिस्त कडक होती, अडवायचं ते तिथेच, टोकाने अडवणाऱ्याला छडी. बरेच बारीक टवके होते तिथे, आणि एक खोल खाच.

"ही खाच," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं ना, सरावात ती हसली आणि हात लवकर आला, दोन्ही पात्यांना खाच पडली..."

"खाच काय, कुठल्याही तलवारीला पडते."

"उसकी तलवार लाओ," क्वोक म्हणाला. "मिलाकर देखो. झगड़ा ही ख़त्म."

डॉक्टर खाली गेले आणि स्यूलानची तलवार घेऊन आले. ती त्यांनी माझ्या हातात दिली. पहिल्यांदाच. हलकी होती, माझ्या लाकडीपेक्षाही हलकी वाटली. मुठीवर बोटांच्या जागी लाकूड खोलगट झालं होतं, आणि माझी बोटं त्या खळग्यांत बसली. मला ते आवडलं नाही, आणि सोडवतही नव्हतं.

"वार तुम्हाला येतोय," डॉक्टर म्हणाले. "जोडीच्या सरावातला तिसरा. मी अडवतो. तिनं चुकून आणला तसाच, जरा लवकर आणा."

मी पाऊल टाकलं, मनगट वळवलं, वार आणला. जरा लवकर. पाती भिडली, ठण्ण वाजलं, घसरली, आणि घसरता घसरता थांबली. माझ्या पात्याची खाच त्यांच्या पात्याच्या खाचेत बसली होती. सतारीची खुंटी आपल्या भोकात बसते तशी. मी ओढून बघितलं, सुटेना. डोळ्यांनी बघायची गरजच नव्हती, माझ्या मनगटाला कळलं होतं. समोर डॉक्टरांचं मनगट होतं. त्यालाही कळलंच असणार.

आम्ही तसेच उभे राहिलो. त्यांचे डोळे माझ्यावर होते आणि मला बघत नव्हते. मग त्यांनी हलकेच पातं फिरवून सोडवलं.

"चहा टाकतो," ते म्हणाले आणि खाली गेले.

आम्ही मागोमाग दवाखान्यात उतरलो. मागच्या खोलीत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. क्वोकने दोन्ही तलवारी खुर्चीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि स्टुलावर बसला. आता त्याचाही आनंद मावळलेला दिसला.

"बुरा हुआ," तो म्हणाला.

"बुरा क्यों?" मी विचारलं. "उनकी ही तलवार है. उसने भेजी है."

क्वोकने माझ्याकडे बघितलं. "आपको मालूम नहीं? हमारे उस्ताद की रीत थी. जोड़ीवाले तलवार बदलते हैं, तो बात पक्की. शादी की बात. जब तक दूसरे की तलवार अपने पास, तब तक बात पक्की. तलवार वापस भेजी, तो बात ख़त्म. चिट्ठी नहीं लिखते. तलवार ही चिट्ठी है."

"ख़त्म मतलब?"

"मतलब शादी कर ली होगी. या मर गई, किसी ने भेज दी. जो भी हो, फंग छूट गया."

सकाळपासूनचं सगळं उलटं फिरलं. धुतलेले हात, पुन्हा वाकवलेलं पातं, प्रत्येक कसोटीला शोधलेली पळवाट. तो माणूस आशा करायला घाबरत नव्हता. तो आशाच करत होता, तलवार पत्र्याची निघावी अशी, माझ्यासारखीच. आणि मी वेडी अंबाबाईला नको ते मागत होते. तलवार खरी होती आणि डॉक्टर सुटले होते. माझ्यासाठी सुटले होते म्हणा ना. आता फक्त कुणीतरी त्यांना ते मोठ्याने सांगायचं होतं.

डॉक्टर चहा घेऊन बाहेर आले. बशांमध्ये चहा सांडला होता. एरवी त्यांच्या हातातून थेंब सांडत नसे. त्यांनी कप ठेवले, तलवारीकडे बघितलं नाही.

"कुमुदबाई," ते म्हणाले, "मला काय समजत नाही बघा आज. मी बघतोय ते खरं का, माझ्या मनाचे खेळ, तेच कळेना. तुम्ही इतकी वर्षं बघताय. तुम्ही सांगाल ते धरून चालू. खरी का नकली?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. ते मी रोज बघत होते, पण त्या दिवशी दिसले. मला ते हवे होते, अगदी पोटातून हवे होते. आणि मी 'खरी' एवढा एक शब्द बोलले असते तर ते मिळायची निदान वाट तरी मोकळी होती. पण समोर उभा होता तो माणूस त्या वाटेवर चालू शकणारा नव्हता. त्याची वाट बघणं काढून घेतलं असतं, तर त्याच्याजवळ उरलं असतं काय? पेशंट आणि मी. आणि मी कितीशी पुरणार होते?

"नकली आहे, डॉक्टर," मी म्हणाले.

"नक्की?"

"टोक फार लिबलिबीत आहे. आणि खाच जरा वर बसते. वाटेत बदललीय कुणीतरी."

क्वोकने कप तोंडाशी नेला होता तो तसाच धरून ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. मग मान खाली घातली.

"हाँ," तो म्हणाला. "बाज़ार का माल है. माफ़ करना, फंग."

डॉक्टरांनी श्वास सोडला. कितीतरी वेळ धरून ठेवलेला असावा. मग ते हसले, बिस्किटांचा पुडा काढला आणि क्वोकला मिरजेतल्या उन्हाळ्याबद्दल सांगत बसले. मी मागच्या खोलीत जाऊन साच्यांवरून ओलं फडकं फिरवलं. डोळे पुसायला दुसरं फडकं सापडेना, म्हणून तेच वापरलं. तोंडाला प्लास्टर लागलं.

संध्याकाळी क्वोक स्टेशनवर गेला. मी निघाले तेव्हा डॉक्टरांनी हाक मारली. हातात ती तलवार होती.

"तुमची लाकडी झिजलीय," ते म्हणाले. "ही घ्या. नकली आहे, पण हाताला बरी आहे."

"मला उंच होईल."

"होऊ दे की. सवय होईल."

मी घरी नेली. आई म्हणाली, दात बसवायचे सोडून आता ही काय नवीन थेरं. दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर आम्ही समोरासमोर उभे राहिलो, ते स्यूलानची तलवार घेऊन, मी त्यांची. टोक माझ्या कानाच्या वर जायचं. वार आणि अडवणं, वार आणि अडवणं. कधी कधी पाती त्या खाचेत अडकायची, आणि आम्ही दोघेही काही न बोलता सोडवून घ्यायचो. अशी किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. लग्नाची स्थळं आधी येत होती, मग यायची थांबली. लोक बोलायचे, मग तेही कंटाळले. डॉक्टर मला कुमुदबाईच म्हणत राहिले आणि मी त्यांना डॉक्टर. आमच्यात त्यापलीकडे काही झालं नाही. मला पुष्कळ वेळा वाटायचं की मी मूर्ख आहे. पण सकाळ झाली की पाय गच्चीचा जिना चढायचे.

शेवटी त्यांची छाती खराब झाली. गच्चीवर चढणं बंद झालं, मग दवाखाना बंद झाला. कलकत्त्याहून पुतणी आली होती. तिला त्यांनी सगळं नीट सांगून ठेवलं होतं, स्यूलानची तलवार आपल्याबरोबर पुरायची. मला ते कळलं तेव्हा मी घरून दुसरी तलवार घेऊन आले. दुपार होती. दवाखान्याच्या मागच्याच खोलीत त्यांचा पलंग टाकला होता, डॉक्टर उशीला टेकून बसले होते. मी ती त्यांच्या पलंगाशी उभी केली.

"ही पण ठेवून घ्या," मी म्हणाले. "जोडी आहे. जोडीनं जाऊ दे."

त्यांनी तलवारीकडे बघितलं आणि मान हलवली.

"नको. परत करू नका ती."

"नकलीच तर आहे, डॉक्टर."

त्यांना हसू आलं, त्यातून खोकला आला. मी पाणी दिलं. त्यांनी भिंतीकडे बघितलं, त्याच प्लायवूडच्या भिंतीकडे.

"त्या दिवशी मी चहा टाकत होतो," ते म्हणाले. "क्वोक तुम्हाला रीत सांगत होता. सगळं ऐकू येतं ओ इथनं."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"रीत माहीत असून तुम्ही नकली म्हणालात," ते म्हणाले. "आणि मी माहीत असून तुम्हाला दिली. आता परत नका करू, कुमुद."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी तलवार उचलली आणि जिना उतरून रस्त्यावर आले. खाली सतारवाला तारा ओढून बघत होता. भर दुपारी, भर गल्लीत, हातात नंगी तलवार घेऊन मी रडत उभी राहिले, आणि लोकांना वाटलं असेल ते वाटलं असेल.

आता मी माझ्या गच्चीवर एकटीच करते. शेजारच्या मुली शिकायला येतात. त्यांतली एखादी विचारते, "बाई, ही तलवार अस्सल आहे का हो?" मी म्हणते, नाही, बाजारातली आहे. टोक अजून कानाच्या वर जातं, आणि त्याची सवय कधीच झाली नाही. पण ती माझ्याकडेच आहे. मी परत केलेली नाही.